मृतांचा उष्टा पेला

सान बार्तोलोत कुणी गेलं की पहिला निरोप बँडवाल्यांना जातो, दुसरा पाद्र्याला आणि तिसरा लिब्रादा कांसेकोला. पाद्री जमेल तेव्हा येतो. त्याच्या पदरात बरीच गावं आहेत आणि बुडाखाली एकच मोटारसायकल. लिब्रादा मावशी मात्र निरोप्या निघायच्या आतच डोक्यावरून शाल घेऊन दारात उभी असायची. तिला कसं कळतं, हे कुणी विचारत नसे. विचारलं आणि तिनं सांगितलं तर काय करायचं, हाच प्रश्न होता.

तिचं काम प्रार्थना म्हणण्याचं. नऊ संध्याकाळी मृताच्या घरी जपमाळ चालवायची आणि शेवटच्या संध्याकाळी जमिनीवर चुन्यानं काढलेला क्रूस हलक्या हातानं गोळा करून उचलायचा. आवाज गोड नव्हता, पण खात्रीचा होता. मेलेल्या माणसाला गोडव्याचा उपयोग नसतो. वळण कुठे घ्यायचं ते ठामपणे सांगणारं कुणीतरी लागतं.

आणि पेला. मृताच्या फोटोपुढे पाव, मक्याचे वाफवलेले तामाल, सिगारेट आणि मेस्कालचा एक पेला ठेवतात. घायपाताचा गाभा खड्ड्यात भाजून काढलेली ही दारू चांगली असेल तर पहिल्या घोटाला कानापर्यंत जाळते. मृत येतो, सत्त्व घेऊन जातो आणि मागे उरतं ते नुसतं उष्टं. वेदीवरून उतरवलेल्या तामालला चव नसते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पेल्यातलं उष्टं फेकता येत नाही आणि सुतकातल्या घरच्यांनी ते पिऊ नये. म्हणून ते प्रार्थनावालीकडे जातं. लिब्रादा एक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. पाण्यासारखं लागलं तर, “आला होता. निवांत व्हा.” जळलं तर, “वाटेत आहे. उद्या भरून ठेवा.”

तरुणपणी म्हाताऱ्या गाउदेन्सिओच्या घरी तिनं पहिल्यांदा असा पेला तोंडाला लावला. त्याच बाटलीतली दारू पिऊन अंगणातल्या पुरुषांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या पेल्यातली कौलांवरून पन्हाळीत उतरलेल्या पाण्यासारखी होती, थंड आणि किंचित मातकट. तिनं पेला खाली ठेवला तेव्हा खोलीतली गाउदेन्सिओची रिकामी खुर्ची करकरली. ती वेळ खरी होती, असं लिब्रादा नंतर सगळं कबूल करून झाल्यावरही म्हणायची.

पुढचं हळूहळू होत गेलं. सत्त्व मृतानं नेलेलं. मग आपण पितो ती दारू नव्हेच. दारू नव्हे तर तिचा हिशोब कशाला ठेवायचा. या तर्कात खोट काढायला पाद्रीसुद्धा धजावला नसता. नवरा गेल्यावर तिनं घरातल्या वेदीवर रोजचा पेला सुरू केला. मग ज्यांना मागे कुणी नाही अशा मृतांची तिला दया येऊ लागली आणि त्यांच्यासाठीही पेले लागले. गावात मरणारे वाढले नव्हते. लिब्रादाची भक्ती वाढली होती. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायचे, तेव्हा तिला वाटायचं, कुणीतरी तहानलेला उंबऱ्यात उभा आहे. ती पेला भरायची, रीतीपुरतं थांबायची आणि उष्टं पिऊन टाकायची. सगळे पेले आताशा पाण्यासारखेच लागत. कुणीही मागे राहत नाही, सगळे पोचतात, याचं तिला समाधान होतं.

मग उबाल्दो सुताराच्या घरची नववी संध्याकाळ आली. तिनं पेला उचलला, डोळे मिटले, अर्धा रिकामा केला आणि म्हणाली, “आला होता. निवांत व्हा.” बायका रडल्या, क्रूस उचलला गेला. नंतर स्वयंपाकघरात उबाल्दोच्या सुनेनं तिचा हात धरला. पोरगी पांढरी पडली होती.

“मावशी, कुणाला सांगू नका. बाटली चुकली माझी. पेल्यात सिरका होता.”

“कसला सिरका?”

“लोणच्याचा. आत्ता दिसलं मला. तुम्हाला... तुम्हाला कळलं नाही?”

लिब्रादानं ओठांवरून जीभ फिरवली. काही नव्हतं. तिनं ताटातलं लिंबू उचलून चावलं. तेही पाण्यासारखं होतं. सून तिच्याकडे बघत एक पाऊल मागे सरकली. वेदीवरच्या वस्तूकडे बघावं तसं ती बघत होती. म्हणजे सत्त्व कुणी नेलं असेल तर ते पेल्यातलं नव्हतं.

त्या आठवड्यात लिब्रादा शुक्रवारच्या बाजाराला ओकोत्लानला गेली. गावातल्या कुणी विचारलंच असतं, तर मेणबत्त्या आणायला. टायर पंक्चरच्या दुकानावरच्या मजल्यावर निळ्या रंगात पाटी रंगवलेली होती: ‘दुसरी संधी, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, रोज संध्याकाळी’. ही पाटी तिनं वर्षानुवर्षं वाचली होती आणि दर वेळी गावातल्या कुणा ना कुणाला तिची गरज आहे असं मनात म्हटलं होतं. जिना अरुंद होता. वर बाकांवर बसलेले सगळे पुरुष एकदम वळले.

“या बाई,” दारातला जाडा माणूस अदबीनं म्हणाला. “नवऱ्यासाठी आलात का? घरच्या मंडळींची सभा गुरुवारी असते.”

“नवरा वारला माझा.”

“मग मुलगा?”

“मुलगा नाही.”

“भाऊ? जावई?” माणूस मदत करू पाहत होता. नातेवाईक संपत आले तसा तो घाबराघुबरा झाला. “मग कुणासाठी आलात?”

लिब्रादानं तोंड उघडलं आणि सवयीचं वाक्य बाहेर पडलं. “प्रार्थना म्हणायला आले.”

खोलीत कुजबुज झाली. योगायोग असा की त्यांच्यातला एक जण, रोमुलो नावाचा ट्रकवाला, नुकताच गेला होता आणि त्याचा फोटो भिंतीवर लागला होता. तिला कुणी बोलावलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जाड्यानं रोमुलोच्या फोटोखाली खुर्ची मांडली आणि लिब्रादानं त्याच्यासाठी जपमाळ म्हटली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा म्हटली. दारू सोडण्याच्या सभेला ती अशी, दारू न सोडता, दुसऱ्याच्या मृत्यूच्या आडून जात राहिली. सभेला निघण्याआधी रोमुलोसाठी एक पेला ठेवायलाही ती चुकत नसे.

हे सेफेरिनोनं ओळखलं. सेफेरिनो बाजारपेठेतला न्हावी, तिच्याहून पुष्कळ लहान. एका संध्याकाळी तो तिच्या शेजारी बसला आणि तिच्या हातातल्या बशीकडे पाहत म्हणाला, “मावशी, कपापेक्षा बशीत कॉफी जास्त आहे.”

“हात म्हातारे झालेत, भाऊ.”

“माझेही झाले होते, तिशीत. गिऱ्हाईकं कान झाकून बसायची.” त्यानं बशीतली कॉफी तिच्या कपात ओतली. “रोमुलोची प्रार्थना संपली की नाही अजून? तो एव्हाना पोचून स्थिरस्थावर झाला असेल.”

“तुला काय विचारायचंय?”

“काही नाही. तिकडे बोलायची जागा रिकामी आहे, एवढंच.”

भिंतीजवळ एक उंच लाकडी मेज होतं. बोलणारा त्याच्यामागे उभा राहायचा, नाव सांगायचा आणि पोटातलं बाहेर काढायचा. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही, हा नियम. लिब्रादा उभी राहिली. आयुष्यभर लोकांसमोर बोललेली बाई, पण पाठ नसलेलं वाक्य तिच्या तोंडी कधी आलंच नव्हतं. खालून टायरवर हातोड्याचे घाव पडत होते. मग तिला येत होती त्या एकाच चालीत, संतांची नावं घेत जायच्या प्रार्थनेच्या चालीत, ती सुरू झाली.

“गाउदेन्सिओच्या पेल्यातून प्यायले,” ती म्हणाली, आवाज शेवटाला खाली नेत.

“आमच्यासाठी विनंती कर,” मागच्या बाकावरून कुणाच्या तरी तोंडून चर्चमधल्या सवयीनं उत्तर निघून गेलं.

“नवऱ्याच्या पेल्यातून प्यायले.”

“आमच्यासाठी विनंती कर,” आता तिघे-चौघे.

“बेवारशांच्या पेल्यातून प्यायले. उबाल्दोच्या पेल्यातून प्यायले, आणि तो सिरका होता.”

सगळी खोली उत्तर देत होती. मध्ये न बोलण्याचा नियम मोडतोय, हे अध्यक्ष म्हणून बसलेल्या माणसाच्याही ध्यानात राहिलं नाही. यादी लांब होती. मेलेल्यांची नावं घेत घेत ती रोमुलोपाशी आली आणि थांबली, तेव्हा उत्तरही थांबलं. पण एक क्षण उशिरा, जणू कुणी एक जण बाकीच्यांच्या मागे राहिला होता. जाड्यानं वळून जिन्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्यानं उठून दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून सेफेरिनो तिचा धर्मबाप झाला. नव्या माणसाला हाताशी धरणाऱ्याला गटात असंच म्हणतात. मृतांच्या प्रश्नावर त्यांचं नेहमी वाजायचं.

“पण खरंच सत्त्व गेलेलं असेल तर?” ती विचारायची. “एखादा पेला खरोखरच पाणी झालेला असेल तर?”

“असेल ना. मी कुठे नाही म्हणतो.”

“मग तो प्यायला तर ते पिणं होतं का?”

“मावशी, माझी आई मला सांगायची, तू पीत नाहीस, तुझ्यातला सैतान पितो. मी म्हणायचो, बरोबर आहे, पण त्याला माझं तोंड कशाला लागतं?” तो वस्तऱ्याला धार लावत राहायचा. “तुमचे मृत येवोत न येवोत. त्यांना जे हवं ते नेऊ दे. तुम्ही पेल्याला तोंड लावू नका. एवढंच.”

पहिले महिने वाईट गेले. त्यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी भोगलेत त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना खोटं वाटेल. मग लिंबाचं आंबटपण परत आलं. त्यामागून नाक आलं, आणि ते अती आलं. गल्लीत कुणी बाटली उघडली तर तिला घरात बसून कळायचं, आणि कुणाच्या भट्टीची तेही. ती वाट बदलून जाऊ लागली.

गावानं मात्र तिचं सोडणं मनाला लावून घेतलं. प्रार्थना म्हणते, पण पेल्याला शिवत नाही, ही काय रीत? “आमच्या बाबांचं उष्टं चालेनासं झालं का हिला?” असं तिच्या तोंडावर बोललं गेलं. निकाल देणारं कुणी न उरल्यामुळे पेले वेदीवर तसेच राहू लागले, आणि आपला माणूस आला की नाही हे कुणालाच कळेना. दोन घरांनी शेजारच्या गावाहून दुसरा प्रार्थनावाला आणला. तो पेला पिऊन काहीच न बोलता जेवायला बसायचा. लिब्रादाच्या स्वतःच्या वेदीवर नवऱ्यासाठी आता कॉफी असे. सकाळी ती बोटभर उतरलेली दिसायची. आमच्याकडची हवा कोरडी आहे.

अशात ओतिलिया आली.

ओतिलिया लिब्रादाची लहानपणची मैत्रीण. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली आणि एकुलता एक मुलगा, नेरेओ, वसंतात कामाच्या शोधात उत्तरेला, सरहद्दीपलीकडे जायला निघालेला. सरहद्दीच्या अलीकडून त्यानं फोन केला होता की उद्या वाळवंट ओलांडणार. त्यानंतर त्याचा मोबाईल बंद होता. बरोबरच्या पोरांपैकी एक जण पलीकडून बोलला, की वाटेत पांगापांग झाली, नेरेओ दुसऱ्या टोळीबरोबर असेल. असेल, एवढंच.

मृतांचे दिवस, गेलेले घरी परततात ते नोव्हेंबरचे पहिले दोन, तोंडावर आले होते. गाव झेंडूनं भरलं होतं. ओतिलिया दारातच बसली.

“मी वेदी मांडली,” ती म्हणाली. “नवऱ्याचा पेला ठेवला. आणि दुसरा पण ठेवला.”

लिब्रादा शेंगा सोलत होती; हातातली शेंग तशीच राहिली. जिवंत माणसासाठी वेदीवर पेला ठेवत नाहीत. ठेवला तर तो त्याला ओढतो.

“फोटो नाही ठेवला,” ओतिलिया घाईनं म्हणाली. “नाव पण नाही घेतलं. नुसता पेला. एक शेजारीण म्हणते, ठेवू नको, मारशील त्याला. दुसरी म्हणते, मेला असेल तर दाराबाहेर तहानलेला उभा राहील, सगळे पीत असतील आणि त्याच्यासाठी काही नसेल. मी काय करायचं होतं, तू सांग.”

लिब्रादानं हातातली शेंग टोपलीत टाकली.

“परवा दुपारी वेदी उतरवायची. तू ये. एक घोट घे आणि सांग मला. पाणी असेल तर पाणी म्हण. मी रडून घेईन आणि त्याला नऊ दिवस देईन. जळत असेल तर वाट बघेन. पण हे असं...” तिनं हात हवेत अर्धवट धरून ठेवला. “हे असं जमत नाही मला.”

“मी पीत नाही आता, ओतिलिया.”

“माहीत आहे. एकच घोट मागतेय. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर माझा विश्वास नाही.”

लिब्रादानं सेफेरिनोला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागे कुणाचे तरी केस कापले जात होते.

“जाऊ नका,” तो म्हणाला.

“जावं लागेल.”

“मग जा, आणि संध्याकाळी इकडे या. बोलायची जागा रिकामी ठेवतो.”

नोव्हेंबरच्या दोन तारखेला भर दुपारी, चर्चच्या घंटा मृतांना निरोप देत असताना, ती ओतिलियाच्या घरी गेली. बाहेर ऊन लख्ख होतं. खोलीत धुपाचा धूर कमरेएवढ्या उंचीवर थरासारखा तरंगत होता, वरही जात नव्हता आणि खालीही. वेदीवर झेंडू, पाव, मोले रश्श्याचं भांडं, ओतिलियाच्या नवऱ्याचा लग्नातला फोटो आणि त्याच्यापुढे पेला. दुसऱ्या टोकाला, कशाच्याही पुढे नाही, असा दुसरा पेला.

“एकाच बाटलीतले?”

“एकाच. परवा सकाळी भरले. दार मी बंद ठेवलं होतं.”

लिब्रादाला ओतिलियाच्या नवऱ्याच्या पेल्याचा वास दारातूनच आला होता; भाजलेल्या घायपाताचा, धुरकट आणि गोड, पोटातून वर ओढणारा. दहा-बारा वर्षांत तो माणूस एकदाही आला नसावा, किंवा त्याला पिणं सुटलं असावं. ती वेदीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि दुसऱ्या पेल्यावर वाकली.

वास नव्हता.

तिनं पुन्हा वाकून पाहिलं, इतकं की नाक काठाला टेकलं. पेला भरलेला होता, कडेला दारूचे बारीक मणी होते. पण वास ना दारूचा, ना धुराचा, ना काचेचा. फक्त थंडावा होता, आणि खूप खालून आल्यासारखा मातीचा किंचित अंश. गाउदेन्सिओची खोली तिला आठवली. मागे कुठेतरी लाकूड करकरलं. तिनं वळून पाहिलं नाही.

आणि मग तिच्या मनात जो विचार आला, त्याची तिला वास नसण्यापेक्षा जास्त भीती वाटली. हा पेला खरोखर पाणी आहे. इतकी वर्षं आपण जे स्वतःला सांगत आलो ते आज, एकदाच, खरं आहे. हा प्यायला तर ते पिणं नव्हे. सेफेरिनोलाही हे मान्य करावं लागेल. हात पेल्यापर्यंत गेला होता. थरथरत नव्हता, कधी नव्हे इतका स्थिर होता. तिला वाटलं, आपण तो उचलत नाही आहोत, तोच आपल्या बोटांत येतोय.

तिनं हात शालीत ओढून घेतला आणि मूठ आवळली.

“काय?” ओतिलियानं विचारलं.

“माझ्याच्यानं होणार नाही.”

“लिब्रादा.”

“ऐक. माझी जीभ कधीच मेली होती. उबाल्दोच्या घरी मी सिरका प्यायले आणि तो आला होता म्हणून सांगितलं. कितीतरी वर्षं मला काहीच लागत नव्हतं. तुझ्या नवऱ्याच्या वेळीसुद्धा. मी तेव्हा तुला सांगितलं, आला होता. मला माहीत नव्हतं. मी प्यायला मिळावं म्हणून पीत होते.”

 ओतिलिया रागावली असती तर बरं झालं असतं. बाहेर घंटा थांबल्या.

“तुझी आता परत आलीय ना जीभ?”

“आलीय. म्हणूनच.”

ओतिलियानं मान हलवली, जणू एखाद्या भाजीचा भाव पटला नाही पण घ्यायची तर आहे. ती उठली. जन्मात कधी तिनं मेस्काल तोंडात घेतली नव्हती; नवऱ्याच्या तोंडाचा वास आला तरी ती पाठ करून झोपायची. तिनं दुसरा पेला उचलला आणि एका दमात, औषध प्यावं तसा, तळापर्यंत रिकामा केला.

लिब्रादा तिचा चेहरा बघत होती. पहिल्यांदा पिणाऱ्याचा चेहरा तिनं शेकडो वेळा पाहिला होता. डोळे भरतात, मान आखडते, खोकला येतो, हसू येतं. ओतिलियाच्या चेहऱ्यावर काहीही झालं नाही. पापणीसुद्धा लवली नाही. तिनं पेला शालीच्या टोकानं आतून पुसला आणि जागेवर ठेवला.

“जळलं,” ती म्हणाली.

“जळलं?”

“हो. घशापर्यंत.” आवाज कोरडा होता. “म्हणजे आहे तो.”

धुराचा थर दोघींच्या मध्ये जसाच्या तसा होता. लिब्रादाला वाटलं, आपण एक शब्द बोललो तर तो तुटेल आणि मागचं काहीतरी दिसेल.

“असेल,” ती म्हणाली.

“मग प्रवासातल्यांची प्रार्थना म्हण. मेलेल्यांची नको.”

लिब्रादानं गुडघे टेकले आणि म्हटली. वाटेवरच्या सगळ्यांसाठी, ज्यांना सावली नाही, ज्यांचे जोडे फाटलेत, ज्यांची सोबत सुटली. ओतिलिया प्रत्येक ओळीला उत्तर देत होती, मोठ्यानं, गरजेपेक्षा जास्त मोठ्यानं, जणू दुसरं कोणतं उत्तर ऐकू येऊ नये म्हणून.

निघताना ओतिलिया दारापर्यंत आली. “पुढच्या वर्षी किती पेले ठेवू?”

लिब्रादानं उंबऱ्याबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. 

“दोन. पण दुसऱ्यात पाणी ठेव. गार पाणी. वाळवंटातून येणाऱ्याला तेच हवं असतं, कुठूनही आला तरी.”

ओतिलियानं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

ओकोत्लानच्या वडापमध्ये लिब्रादाला खिडकीजवळ जागा मिळाली. सगळ्या वाटेनं ती वास घेत होती. डिझेल. शेजारणीच्या टोपलीतली संत्री. कुणाच्या तरी हातांना आलेला धुपाचा वास. तिला आशा होती, की नाकच बिघडलं असेल. मागच्या बाकावरच्या माणसाच्या पिशवीत बूच घट्ट लावलेली बाटली होती. तिला बुचातून वास आला, आणि भट्टी कुठली तेही कळलं; नाक शाबूत होतं.

“इथेच थांबव, बाळा,” तिनं चालकाला सांगितलं.

“बाजार अजून लांब आहे, मावशी.”

“चालत जाईन.”

वडाप निघून गेली. रस्त्यावर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या वाऱ्याशिवाय थोड्याशा सरकल्या. लिब्रादानं शाल डोक्यावरून घेतली आणि पंक्चरच्या दुकानाच्या दिशेनं चालायला लागली. मागे कुणाची तरी पावलं होती, फाटक्या जोड्यांची वाटावीत अशी. तिनं पावलं झपाझप टाकली नाहीत आणि वळूनही पाहिलं नाही. जिन्याखाली पोचल्यावर ती फक्त जराशी बाजूला झाली, दुसऱ्या कुणाला वर जायचं असेल तर जाता यावं म्हणून, आणि मग स्वतः चढली.